चहा गाळून होईपर्यंत

माझ्या धंद्याला धड नाव नाही. मुरुडला एसटी स्टँडपाशी माझं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे लोक मला कॉम्प्युटरवाली ताई म्हणायचे. आता दुकान भाच्याला देऊन घरी बसले, तरी तेच म्हणतात. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. क्लासबिस काही केला नाही. जे आलं ते बिघडलेलं मशीन उघडून, इंग्रजी पुस्तकातला एकेक शब्द डिक्शनरीत बघून, आणि चुकून. चुकून सगळ्यात जास्त.

संपादकांनी कळवलं, तुमच्या कामातल्या गमती लिहा. गमती आहेत, सांगतेही. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते, आणि ती काही गमतीची नाही. दिवाळीच्या अंकात बरी दिसेल की नाही, ते त्यांनी बघावं.

आधी काम काय ते सांगते. कॉम्प्युटरचं, म्हणजे मी म्हणते त्या मशीनचं, बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत एखाददोन मिनिटं जातात. तेवढ्यात तुम्ही चष्मा पुसता, जांभई देता. आत मात्र लग्नघर उठलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या घराची कारभारीण. तिच्या हाताखाली शंभर-दीडशे गडी. त्यांना पुस्तकात सर्व्हिस म्हणतात, मी आपली गडी म्हणते. एक घड्याळ लावतो, एक डिस्क उघडून देतो, एक इंटरनेटची लाईन धरतो, एक प्रिंटर सांभाळतो. आणि यातला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या कुणावर तरी अडून असतो.

हे अडणं दोन तऱ्हेचं. आचारीच आला नाही तर वाढपी काय वाढणार? त्याला 'याच्याशिवाय नाही' म्हणायचं. विडे जेवणानंतर द्यायचे, पण पंगतच झाली नाही म्हणून विडे लावणारीचे हात काही थांबत नाहीत. ते नुसतं 'याच्यानंतर'. मी कागदावर गोल काढायची, गोलात गड्याचं नाव, आणि गोलागोलांत बाण. 'याच्याशिवाय नाही' लाल, 'याच्यानंतर' हिरवा. मशीन स्वतःसुद्धा असं चित्र काढून देतं, एक हुकूम दिला की झालं. पण त्यात इतके बाण असतात, की वादळात गुंतलेलं जाळं किनाऱ्यावर आणून टाकावं तसं दिसतं. कोळणी कशा आधी जाळ्याचं एक टोक हुडकतात आणि मग बसतात, तसं मी करायची. दुखतंय कुठे ते बघायचं, तेवढेच पाचसहा गोल वेगळे काढायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, स्केचपेननं. या चित्रांनी मला पोटाला दिलं, आणि गावात मानही दिला.

समुद्राकडे लॉज असलेल्या बशीरभाईंचं मशीन रोज सकाळी फार वेळ घ्यायचं. गिऱ्हाईक काउंटरवर बॅगा टेकून उभं, आणि हे आपलं फिरतंय गोल गोल.

"ताई, यात जिनबिन बसलाय का? कोणाला तरी बोलवू का फुंकर मारायला?"

मी चित्र काढलं. सगळे गडी एका डिस्कच्या गोलापाशी येऊन खोळंबले होते. ती जादाची डिस्क बशीरभाईंच्या मुलानं काढून दोन वर्षांपूर्वी दोह्याला नेली होती. पण मशीनच्या यादीतून तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मशीन रोज दीड मिनिट तिची वाट बघायचं आणि मग नाद सोडून पुढे जायचं. बशीरभाईंना चित्र दाखवलं.

"मशीन दीड मिनिटात समजतं, ताई. आमची बायको अजून दारात बघते."

अशा गमती. एका शाळेत दोन गडी एकमेकांसाठी थांबून बसले होते, हा म्हणे तू आधी, तो म्हणे तू आधी, आणि हेडमास्तर रोज मशीनला चापट्या मारायचे. मी एक बाण खोडला, चापट्या थांबल्या. चित्र काढलं की दोष दिसतो, असं मला वाटायला लागलं. आणि जे चित्रात नाही ते नाहीच, असंही वाटायला लागलं. हे दुसरं वाटणं माझ्या अंगावर आलं.

आगरदांड्याच्या अलीकडे खाडीकाठी एक लहान गाव आहे. नाव लिहीत नाही, सगळे एकमेकांना ओळखतात. तिथल्या मच्छीमार सोसायटीचं मशीन माझ्याकडे होतं. त्या मशीनचं एकच मोठं काम. सकाळी हवामानाचा इशारा मागवायचा, तो होडीवाल्यांच्या मोबाईलवर पाठवायचा आणि ऑफिसच्या छपरावरचा भोंगा वाजवायचा. हवा वाईट असेल तर तीन लांब भोंगे. बंदरावरचा धोक्याचा बावटा त्या गावातून दिसत नाही, मोबाईलची रेंज खाडीत येते-जाते. म्हणून भोंग्यावर गावाचा जीव. शिवाय मी एक बारीक भोंगा ठेवला होता, रोज सकाळचा. सगळे गडी नीट उठले की शेवटचा गडी एकदाच वाजवणार. म्हणजे मशीन ठणठणीत आहे.

ऑफिस उघडायचे हसनचाचा. सत्तरीचे, वाळलेले, तरुणपणी गलबतावर होते. चावी काळ्या दोऱ्यानं कमरेला. सहाच्या आधी यायचे, मेन स्विच चालू करायचे, मग स्टोव्ह पेटवायचे, चहा ठेवायचे, उकळायचे, गाळायचे, आणि मग कप हातात घेऊन मशीनचं बटण दाबायचे. थोड्या वेळानं छपरावर बारीक भोंगा. चाचा वर बघून म्हणायचे, "बोलला." मग पहिला घोट. पंधरा वर्षं त्यांनी हे असंच केलं. सोसायटीत सगळे त्यावरून त्यांना चिडवायचे, की चाचांचा आधी चहा, मग दर्या. मीही हसायची.

मग एके वर्षी मी सोसायटीचं चित्र मोठं काढलं, भिंतीवर लावायला. पाच गोल. घड्याळवाला, लाईनवाला, हवामानवाला, निरोप्या, भोंगा. इतकं देखणं चित्र मी दुसरं काढलेलं नाही. शिवाय मशीनमध्ये एक बदल केला. वीज आली की ते आपोआप सुरू होईल, आणि रोज सहाला स्वतःच एकदा झोपून परत उठेल. मेन स्विच कायम चालू. बटणाला हात लावायची गरज नाही. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं.

कमिटीची मिटिंग होती. चेअरमन दामूनाखवा, जाडजूड माणूस, मनानं वाईट नाही, पण सोसायटीचा खर्च कुठे कमी होतो ते सारखं बघणारा. त्यानं भिंतीवर बोट ठेवलं.

"ताई, ह्यात सगळी मानसं आली?"

"माणसं नाहीत हो, गडी. मशीनचे."

"म्हंजे काम करनारे सगळे आले?"

"आले."

"मंग आमचे चाचा कंच्या गोलात हायेत?"

सगळे हसले. मीही हसले, आणि चित्राच्या कौतुकात म्हणाले, "चाचा नाहीत त्यात. चाचांची गरज नाही आता. बटणसुद्धा दाबावं लागत नाही."

हसनचाचा तेव्हा आमच्यासाठीच कप भरत होते. त्यांनी शेवटचा कप पुरता भरला, एक थेंब सांडला नाही, ट्रे ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

पुढच्या महिन्यात कमिटीनं त्यांना आराम करायला सांगितलं. दामूनाखव्यानं शाल दिली. चाचांनी कमरेचा दोरा सोडला, गाठ घट्ट बसली होती, सुटेना, तर त्यांनी ती दातांनी सोडवली आणि चावी टेबलावर ठेवली. मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाय, येतो." मी 'या चाचा' म्हटलं.

त्यानंतर एकदा त्यांचा फोन आला होता. मी म्हटलं, चाचा, गिऱ्हाईक आहे, करते. केला नाही. मी काय बोलणार होते? त्यांची दोन्ही मुलं कुवेतला, बायको गेलेली, आणि सकाळी उठून जायची एकच जागा होती, ती माझ्या एका वाक्यानं गेली. मला वाटायचं, ते कामाचं विचारतील, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या होत्या. मी बहिणीला घेऊन हरिहरेश्वरला गेले होते, मुक्कामाला. सकाळी पावणेसातच्या सुमारास फोन वाजला. पडद्यावर हसनचाचा. मी फोन उलटा ठेवला. परत वाजला. मी तो उशीखाली सरकवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बहीण म्हणाली, "कोण गं एवढं?" मी म्हटलं, "कोणी नाही, कामाचं."

दुपारी परत निघालो. दिघीच्या जेटीवर आलो तर फेरीबोट बंद. वारा इतका, की पलीकडचं आगरदांडा दिसेना. टपरीवर लोक उभे होते. कुणीतरी बोललं, खाडीच्या तोंडावर होडी फुटली. त्यानं सोसायटीच्या गावाचंच नाव घेतलं. मी चाचांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"चाचा, काय झालं?"

"मशीन आज बोलला न्हाय, बाय. एवढाच सांगाचा होता."

काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आदल्या संध्याकाळपासून गावात वीज नव्हती. इन्व्हर्टर रात्रीतच उतरला. वीज आली ती सहा वाजून गेल्यावर. मशीन आपोआप सुरू झालं, मी सांगून ठेवल्याप्रमाणे. पण भोंगा वाजला नाही. बारीकही नाही आणि लांबही नाही. गावातल्या लोकांनी काय धरलं? तीन भोंगे नाहीत, म्हणजे हवा बरी. चाचांनी काय धरलं? बारीक भोंगाही नाही, म्हणजे मशीन आजारी. एकाच गप्पपणाचे दोन अर्थ, आणि त्यातला खरा कळणारा एकच माणूस घरी बसवलेला. ते उठून ऑफिसला गेले. कुलूप. क्लार्क मुरुडहून दहाला येणार. त्यांनी मला तीन फोन केले. मग जेटीवर धावत गेले, सत्तरीचा माणूस, आणि होड्यांना हाका मारायला लागले. काही जण थांबले. जनार्दन आणि त्याचा धाकटा भाऊ, लहान होडीवाले, ते दोर सोडून निघाले होते. जनार्दन ओरडला, "चाचा, डूटी सपली ना तुमची? जावा, चाय ठेवा!"

थट्टेनंच. एरवीही तो तसाच बोलायचा.

दोघंही वाचले, हे आधीच सांगून टाकते. होडी खडकावर फुटली, तिच्या फळ्या दोन दिवस किनाऱ्याला लागत होत्या. जनार्दनचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. तो पाय राहिला, पण दर्यावर जाण्यासारखा राहिला नाही. आता तो एका कंपनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो.

मी दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेले आणि मशीनची नोंदवही उघडली. मशीन सगळं लिहून ठेवतं, खोटं बोलत नाही. आतल्या पाटीवर एक बटणाएवढी बॅटरी असते. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवते. ती केव्हाची संपलेली होती. मला ठाऊक होतं. पण इंटरनेट आलं की घड्याळवाला बरोबर वेळ विचारून घेतो, मग घाई काय, म्हणून राहिलं होतं. त्या सकाळी मशीन उठलं ते कित्येक वर्षं मागची तारीख घेऊन. इंटरनेटच्या डबीला लाईन पकडायला चारपाच मिनिटं लागतात. लाईनवाल्या गड्यानं मात्र लगेच हाळी दिली, "उठलो." तो उठला होता, दारापर्यंत पोचला नव्हता. हवामानवाल्याला त्याच्याकडून नुसता हिरवा बाण होता, आणि हिरव्या बाणाला एवढा फरक कळत नाही. हवामानवाला त्याच्या भरवशावर निघाला. लाईन नाही, आणि तारीख जुनी, त्यामुळे जेव्हा एकदा क्षणभर लाईन आली तेव्हा पलीकडच्या, हवामान खात्याच्या मशीननं त्याला दारातच अडवलं, तुमचा कागद आजच्या तारखेचा नाही म्हणून. पाच वेळा हेलपाटा घालून तो बसला. निरोप्याला त्याच्याकडून लाल बाण होता, म्हणून तो उठलाच नाही. भोंगाही नाही. चित्रात सगळं बरोबर होतं. चित्राप्रमाणेच सगळं बंद पडलं.

मी दामूनाखव्याला हे सगळं सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. तो टेबलावरची धूळ बोटानं पुसायला लागला.

"लोकांना आपन लाईटमुलं झाला आसा सांगितलाय, ताई. आता तुमी नवीन कायतरी सांगू नका." मग म्हणाला, "चाचांना बोलवा परत. तुमीच जावा. आमाला तोंड न्हाय."

तोंड मला तरी कुठे होतं. पण मी गेले. जाताना नवीन चित्र काढून नेलं. तेच पाच गोल, आणि सगळ्यांच्या आधी सहावा, मोठा. त्यात लिहिलं, हसनचाचा. त्याच्यापासून मशीनला लाल बाण. याच्याशिवाय नाही. मनात म्हटलं, एवढं तरी त्यांना दाखवावं.

चाचा ओट्यावर बसले होते. स्टोव्हवर चहा होता. नोंदवहीत दिसलं ते सगळं, चुकलेलं घड्याळ, लाईनवाल्याची हाळी, मी त्यांना सांगितलं. मी विचारलं, "चाचा, एक सांगा. तुम्ही आधी चहा का करायचे? बटण आधी का नाही दाबायचे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी थट्टाच करतेय.

"तूच सांगितलेला."

"मी?"

"मशीन नवा आला तवा. तू बोललीस, चाचा, डबीवरचा दिवा हिरवा झाल्याबगर बटन दाबू नका. नुसता दिव्याकडं बघत किती उभा र्‍हाणार मी? म्हनून चाय ठेवायचो. गाळून होईस्तवर दिवा हिरवा."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी सांगून विसरले होते, आणि त्यांनी ते पंधरा वर्षं रोज पाळलं होतं.

"मग मिटिंगमध्ये बोलला का नाहीत? मी म्हटलं, गरज नाही, तेव्हा?"

"तूच सांगितलेला, तूच बोललीस गरज न्हाय. मला वाटला, तुला ठाऊक आसेल." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. "शिकलेली तू हायेस."

मी चित्र उलगडलं. त्यांना अक्षर लावता येतं, सावकाश. त्यांनी बोट फिरवत सगळे गोल वाचले आणि स्वतःच्या नावापाशी थांबले.

"हा मी?"

"हो चाचा. तुमच्याशिवाय काही चालू होत नाही, असं आहे ते. दामूनाखव्यानं बोलावलंय. चावी घेऊन आलेय."

त्यांनी चावीला हात लावला नाही. चित्राकडेच बघत होते. मग म्हणाले, "बाय, मी उद्या मेलो तर?"

"असं काय बोलता चाचा."

"न्हाय, सांग. हा बान हितून निंगतो. मी मेलो, नायतर तापानं पडलो, तर ही सगळी पोरं पुन्हा बिनभोंग्याची दर्यात जातील. आसा चित्र काढतात?" त्यांनी घड्याळवाल्याच्या गोलावर बोट ठेवलं. "ह्यो घड्याळ कशानं चुकतो?"

"बॅटरी संपलीय आतली. बटणाएवढी असते."

"मिलते?"

"मिळते. मुरुडात मिळते."

"मंग ती बदल की. आनि त्या लायनीच्या गड्याला सांग, दिवा हिरवा झाल्याबगर उठलो बोलू नको. ता जमतो?"

"जमतं चाचा."

"मंग मानूस कशाला टांगून ठेवतीस तितं?"

माझ्या पर्समधलं बॉलपेन त्यांनी मागून घेतलं आणि आपल्या गोलावर एक रेघ मारली. रेघ वेडीवाकडी गेली, अर्धी लाल बाणावरून. कागद घडी करून मला परत दिला. चावीसकट.

इतक्या वर्षांत मला इतका बरोबर सल्ला कुणी दिला नाही. मी बॅटरी बदलली. लाईनवाल्याला खरोखर पलीकडे पोचल्यावरच हाळी द्यायला लावलं. घड्याळ बरोबर झाल्याशिवाय हवामानवाल्यानं निघायचं नाही, असा लाल बाण घातला. हवामानवाला पाच हेलपाट्यांनंतर बसायचा, त्याला बसू नको, दर मिनिटाला जात राहा असं सांगितलं. आणि गावात पत्रक लावलं, की बारीक भोंगा वाजला नाही तर होडी सोडायची नाही, मग हवा कशीही असो. हे पत्रक मी पंधरा वर्षांपूर्वी लावायला हवं होतं. रेघ मारलेलं चित्र सोसायटीच्या भिंतीवर आहे. कुणी विचारलं तर दामूनाखवा सांगतो, ताईंकडून खाडाखोड झाली.

दुकान सोडलं तरी सोसायटीचं ते एक मशीन अजून मीच बघते. त्या दिवशी ओट्यावरून परत निघताना चाचा मला म्हणाले होते, "भोंगा वाजला न्हाय तर मी तुला फोन करीन. उचल."

मी म्हटलं, पहिल्या रिंगला उचलीन. तेव्हापासून रोज सकाळी सहाला फोन माझ्या हाताशी, सरळ ठेवलेला, आवाज मोठा.

पण भोंगा एकही दिवस चुकलेला नाही. वीज जाते, येते, डबीचा दिवा सावकाश हिरवा होतो, गडी एकामागून एक उठतात, आणि छपरावर तो वाजतो. चाचांच्या ओट्यावर ऐकू जातो. म्हणजे फोन करायचं त्यांना कारणच उरलेलं नाही. मी आपण होऊन केला तर "बरा हाय, बाय," म्हणतात आणि ठेवतात.

घरून एक हुकूम दिला तर तो बारीक भोंगा एक दिवस गप्प बसवता येतो. कधी कधी सकाळी तेवढंच मनात येतं. मग लक्षात येतं, की त्या दिवशी खाडीतली एकही होडी सुटणार नाही, आणि सत्तरीचा माणूस पुन्हा जेटीकडे धावत सुटेल. मी हुकूम देत नाही. सहा वाजतात. फोनकडे बघत बसते, आणि मग चहा ठेवते.